सरलेला मारणारी मास्तरीण

मास्तरीण पान उलटायची फार उशिरा. शेडमधल्या बाकीच्या एकेचाळीस बायकांच्या हे ध्यानात येणं शक्य नव्हतं, कारण त्यांचे डोळे मांडीवरच्या सुपात असायचे. माझ्या मनगटाला मात्र घड्याळ होतं, आणि संशय घेणं हाच माझा पगारी धंदा होता. साप्ताहिकाचं एक पान सावकाश वाचलं तरी सहा मिनिटं पुरतात. मी घरी दुसऱ्याच एका साप्ताहिकाचं पान मोठ्यानं वाचून पाहिलं होतं. मास्तरणीला तेवढंच पान अठरा-वीस मिनिटं पुरायचं. तिचं बोट ओळीखाली असायचं खरं, पण पुष्कळदा ते एकाच ओळीवर उभं राहायचं आणि गोष्ट मात्र पुढे चाललेली असायची.

नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात, प्रवरेकाठच्या एका बिडी कारखान्यात मी चेकर होतो. सत्तर सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. बायकांनी वळलेल्या बिड्या संध्याकाळी माझ्यापुढे यायच्या. तोंड नीट मुडपलेलं नसलं, दोरा सैल असला किंवा तंबाखू कमी पडला असला की ती बिडी मी बाजूला टाकायचो. तिला छाट म्हणत. छाट मोजणीत धरत नसत. बायकांची हजार बिड्यांची मेहनत आणि माझी दोन बोटं, एवढाच आमचा संबंध. तेव्हा त्या माझ्याशी कशा बोलत असतील ते वेगळं सांगायला नको.

मास्तरणीनं कुठल्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. ती राजूरची, मराठी सातवी झालेली. शेडमध्ये अक्षर ओळखणारी ती एकटीच बाई, म्हणून मास्तरीण. नवरा नव्हता, एक मुलगी नाशिकला मामाकडे शिकत होती. गुऱ्हाळावर काम करताना तिचा उजवा अंगठा चरकात सापडून पेरापासून गेला होता. अंगठ्याशिवाय तेंदूचं पान गुंडाळता येतं, पण बिडीचं तोंड मुडपताना दाब बसत नाही. म्हणून बायकांनीच एक सोय काढली होती. सकाळी मास्तरणीनं डाव्या हातानं सगळ्यांची पानं कापून द्यायची, दुपारभर वाचून दाखवायचं, आणि संध्याकाळी प्रत्येकीनं आपल्या वीस बिड्या तिच्या सुपात टाकायच्या. एकेचाळीस विसे आठशेवीस. वहीत तिच्या नावावर रोज आठशेवीस लागायच्या आणि त्यांतली एकही तिनं वळलेली नसायची.

मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. प्रत्येक बाईच्या बिडीला तिच्या हाताची खूण असते. कुणाचा दोरा खाली उतरतो, कुणाचं तोंड चौकोनी होतं. एका सुपात एकेचाळीस हात दिसले की चेकरला कळणारच. मी तिला म्हणालो, “बाई, हे नियमात बसत नाही.”

“नियमात छाट बसत न्हाई ना, भाऊ? मग काढा यातनं एक तरी.”

मी आठशेवीस बिड्या तपासल्या. एकही छाट निघाली नाही. बायका तिला निवडून चांगल्या बिड्या देत होत्या. मी वहीत आकडा लिहिला, पण पुढे कितीतरी दिवस त्या ओळीपाशी आलो की माझा हात थोडा थांबायचा.

तिची वाचण्याची रीत वेगळी होती. ती भिंतीला टेकून बसायची आणि डोळे निम्मा वेळ बायकांच्या तोंडांवर ठेवायची. “ऐकणारीचं तोंड बघत वाचावं,” ती म्हणायची, “न्हाईतर गोष्ट कागदातच ऱ्हाती.” वर्तमानपत्र असो, एखादी पोथी असो, कुणाच्या मुलाचं पत्र असो, सगळं त्याच रीतीनं. पण शेडचा खरा दिवस शनिवार. शुक्रवारी संध्याकाळी संगमनेरहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टर एक साप्ताहिक आणून द्यायचा आणि शनिवारी दुपारी मास्तरीण त्यातली क्रमशः चाललेली कादंबरी वाचायची. त्या दुपारी शेडमध्ये कुणी खोकतसुद्धा नसे, आणि बिडीच्या शेडमध्ये न खोकणं सोपं नसतं.

कादंबरीत बाबाराव नावाचा एक गिरणीमालक होता, त्याच्या दोन बायका होत्या, एक बिघडलेला मुलगा होता. बायकांना त्यांच्यापैकी कुणाचंच काही नव्हतं. त्यांना वेड होतं ते गिरणीच्या दवाखान्यातल्या सरला नावाच्या नर्सचं. बाबाराव तिला म्हणतो, माझ्यापुढे मान खाली घालून उभी राहा. सरला म्हणते, “मान खाली घालायला माझी काही सुई हरवलेली नाही.” बाबाराव तिला भारी साडी पाठवतो. सरला निरोप धाडते, “साडी परत धाडली आहे, मालकांनी तिच्याबरोबर आपली नजरही परत न्यावी.” या वाक्यांवर सुपं थांबायची. सोमवारी तीच वाक्यं माझ्यावर यायची. मी वहीत डोकं घालून बसलो की शांता नावाची तरुण बाई विचारायची, “काय चेकरभाऊ, सुई हरवली व्हय?” आणि सगळी शेड हसायची. खरं सांगायचं तर शनिवारी घरी गेल्यावर मीही बायकोला सरला आज काय म्हणाली ते सांगायचो.

एवढं असूनही मास्तरीण अंक कुणाच्या हातात देत नसे. वाचून झाला की फडक्यात बांधून ठेवायची. मी एकदा सहज मागितला, तर म्हणाली, “तंबाकूचे हात लागत्यात, भाऊ.” मी हात धुऊन येतो म्हणालो. “मग ओले ऱ्हातील,” ती म्हणाली. माझ्या घड्याळातल्या त्या अठरा मिनिटांशेजारी मी मनात हेही टिपून ठेवलं.

ज्या शनिवारी सरला मेली, त्याच्या आधीच्या गुरुवारी एक भांडण झालं होतं. ठकूबाई ही शेडमधली सर्वांत वयस्कर बाई, साठीच्या पुढची. तिची नजर कमी झाली होती आणि त्या दिवशी तिच्या वीस बिड्यांतल्या सहा मास्तरणीनं परत केल्या. “मावशी, या छाटीत जातील,” ती म्हणाली. ठकूबाईनं त्या सहा उचलल्या, पण तोंड चालू ठेवलं. “फुकाट खानारीला निवडून पायजे!” हे सगळ्यांनी ऐकलं होतं.

शनिवारी मास्तरीण नेहमीसारखी टेकून बसली, पण आवाज बसलेला होता. दवाखान्यात साथीचे रोगी येतात, सरला तीन दिवस खाली बसत नाही, चौथ्या दिवशी तिलाच ताप चढतो. मी घड्याळ पाहिलं होतं. नुसतं तिचं आजारपण बावीस मिनिटं चाललं. सरला आयाकडून वेणी घालून घेते, म्हणते उद्या रोग्यांनी मला अशी पाहायला नको. हातातलं घड्याळ काढून आयाला देते. आणि अगदी शेवटी म्हणते, “माझ्या खाटेवरची चादर आधी उकळा, मग रडा.” मास्तरणीनं बोट उचललं, अंक मिटला आणि म्हणाली, “गेली.”

कुणी रडलं नाही. मला वाटलं होतं आता शेडभर हुंदके ऐकू येतील. त्याऐवजी ठकूबाई म्हणाली, “मागं वाच.”

“मावशी, वाचलं की.”

“पुन्यांदा वाच. काय तरी हुकलं आसंल.”

मास्तरणीनं पुन्हा वाचलं. सरला पुन्हा मेली. मग एकदम सगळीकडून आवाज सुरू झाले.

“म्हंजे मेल्याचं नुसतं दाखवलंय. मढं बघितलं का कुनी?”

“मढं आयानं बघितलं.”

“आया बाबारावाच्या पगारावर हाय!”

“बाबारावानंच छापनाराला दाबला आसंल. लई नडत हुती ना त्याला.”

“त्यो कंडक्टर दुसराच अंक घिऊन आला आसंल.”

“न्हाई गं, अंक बरोबर हाय,” शांता म्हणाली आणि सूप बाजूला ठेवून उठली. “हिनं राग काढला. गुरवारी ठकूमावशी बोलली, शनवारी हिनं सरला मारली.”

मग ठकूबाई मास्तरणीकडे बघून सावकाश म्हणाली, “व्हय. तूच मारली तिला.”

संध्याकाळी एकही बिडी तिच्या सुपात पडली नाही. तो आठवडा तिचा आधीच भरलेला होता, म्हणून त्या दिवशी काही बिघडलं नाही. पण सोमवारी काय होणार हे मला माहीत होतं. कारखान्याचा नियम होता: आठवड्याच्या सहा दिवसांत तीन हजार बिड्या भरल्या नाहीत की जागा जायची. त्या वर्षी पावसानं दगा दिलेला. शेडच्या दाराशी रोज सकाळी नव्या दहा-बारा बायका जागेसाठी उभ्या असायच्या.

सोमवारी मास्तरणीनं स्वतः सूप घेतलं. डाव्या हाताच्या अंगठ्यानं दाबून, दातानं दोरा ओढून तिनं दोनशेतीस बिड्या वळल्या. मी एकशेचार छाट काढल्या. राहिल्या एकशेसव्वीस. तिच्या एकेक बिडीला बोट लावताना मला बरं वाटत नव्हतं. पण एकीची छाट पाठीशी घालायची आणि दुसरीची काढायची, हे मी कधी केलं नव्हतं. तीच म्हणाली, “काढा भाऊ. छाट ती छाट.” मंगळवारी एकशेचाळीस. बुधवारी एकशेएकतीस. तीन दिवसांच्या मिळून तीनशेसत्त्याण्णव.

गुरुवारी दुपारी शांतानं तोड काढली. “चेकरभाऊला वाचू द्या. त्यो मास्तरनीचा न्हाई, आमचा न्हाई. बापाची बिडीसुदिक मोजून घील.”

मास्तरणीनं फडकं सोडायला फार वेळ लावला. मला वाटलं, आता काहीतरी बाहेर येणार. अंक तिनं माझ्या हातात दिला तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. मी प्रकरण पहिल्यापासून वाचलं. बाबाराव, त्याचा वकील, मुलाचं कर्ज, मुंबईहून आलेली तार. दीड पान झालं तरी सरलेचा पत्ता नव्हता. बायका चुळबुळायला लागल्या. मग खालच्या कोपऱ्यात ते आलं. जसं होतं तसं मी वाचलं: “त्या साथीत दवाखान्यातली नर्स सरला हीही दगावली. बाबारावांनी तिच्या जागी लगेच दुसरी बाई नेमली.” आणि पुढे पुन्हा वकील.

मी थांबलो.

“पुढं?” ठकूबाई म्हणाली.

“पुढे वकील आहे.”

“येनी घालून घ्येती ते?”

“नाही.”

“घड्याळ? चादर?”

“नाही. एवढंच आहे. दोन वाक्यं.”

मला वाटलं होतं, आता सगळ्यांची तोंडं मास्तरणीकडे वळतील. ती माझ्याकडे वळली. शांतानं कमरेवर हात ठेवले. “चेकरभाऊ, छाट काढली व्हय?”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या. “आमच्या बिड्या खातो, आता सरलेचं मरान खाल्लं!” “हाताला सवंच लागलीया, जिकडं तिकडं दोन बोटं घालायची!” “पोरीनं मरताना येनी घातली, ती बी ह्यानं बाजूला टाकली!” मी अंक उघडून दाखवत होतो, ओळीवर बोट ठेवत होतो. पण त्यांना ती ओळ आणि तिच्या वरची ओळ सारखीच. नोकरीला लागल्यापासून मला कुणी कडक म्हटलं असेल, खडूस म्हटलं असेल, लबाड कुणी म्हटलं नव्हतं. आणि ते मी अक्षर न् अक्षर खरं वाचलं त्या दिवशी म्हटलं.

पण सरला मेली हे मात्र माझ्या वाचण्यानं त्यांना पटलं. मेली हे दोघांकडूनही आलं होतं. आणि कशी मेली हे मास्तरणीचंच खरं, असं ठरलं. संध्याकाळी तिच्या सुपात आठशेवीस बिड्या होत्या.

शेड रिकामी झाल्यावर मी तिला विचारलं, “मी वाचलं ते छापलेलं होतं की नव्हतं?”

“हुतं.”

“मग गप्प का बसलात?”

“माझं सूप रिकामं हुतं, भाऊ.”

मी म्हणालो, “मागचे सगळे अंक मला पाहिजेत.” तिनं फडकं तसंच माझ्या टेबलावर ठेवलं.

शुक्रवारी कामावरून आल्यावर मी ते अंक घेऊन बसलो. सरला चौदा अंकांत येते. मी तिची वाक्यं मोजली. सतरा. त्यांतलं सर्वांत लांब वाक्य, “डॉक्टरसाहेब, बाहेर बरेच रोगी थांबले आहेत, पुढचा पाठवू का?” सुई नव्हती. साडी आली होती, पण सरलेनं ती नुसती परत केली होती, बोलली काहीच नव्हती. बायको शेजारी तांदूळ निवडत होती. मी दोन-तीन जागा तिला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, “ही कुणी दुसरीच सरला दिसते.” मला त्या संध्याकाळी फसवल्यासारखं वाटलं. शेडला फसवलं म्हणून जेवढं, तेवढंच मला फसवलं म्हणून.

शनिवारी सकाळी मी फडकं परत केलं. म्हणालो, “इतके महिने तुम्ही हवं ते घालत आलात. मग ती दोन वाक्यं गाळली असती तर कुणाला कळलं असतं? जिवंत ठेवायची होती तिला.”

मास्तरीण पानं कापत होती. कात्री तशीच ठेवून म्हणाली, “वाढवायचं मी वाढवलं. छापलेलं खोडलं न्हाई कधी. बाबारावानं साडी दिली, हे छापलेलं. तिनं परत केली, हे छापलेलं. मदी ती काय बोलली आसंल, तेवढंच मी घातलं.”

“मला लबाड म्हणतात त्या.”

“व्हय. ते माझ्यामुळं.”

मला हिशेब सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी तिला सांगितलं, “आठवड्याच्या आतापर्यंत दोन हजार सदतीस झाल्यात. आज नऊशेत्रेसष्ट पाहिजेत. नेहमीच्या आठशेवीस पडल्या तरी एकशेत्रेचाळीस कमी. आज त्यांना नाराज करू नका.” मी हे तिच्या भल्यासाठी सांगितलं, की तिला तोलून पाहण्यासाठी, हे माझं मला आजही नक्की सांगता येत नाही.

दुपारी नवा अंक तिच्या मांडीवर होता. तो न उघडता ती म्हणाली, “आधी ऐका. चेकरभाऊंनी गुरवारी बरोबर वाचलं. एक अक्षर खाल्लं न्हाई. सरला कागदात बोलतच न्हवती. सुई, साडी, चादर, समदं माझं हाय. मी बोलत हुते.”

सुपं थांबली. मग शांता म्हणाली, “तुला ह्यानंच बोलाया लावलं ना? नाव काढून टाकीन म्हनला आसंल.”

“न्हाई गं.”

“मग काल त्याच्या टेबलावर तुझं फडकं कशापाई हुतं? आमाला डोळं हायेत.”

दोन-चारजणी माझ्याकडे रोखून बघायला लागल्या. आता खरंही खोटं ठरणार, हे मला दिसत होतं. तेवढ्यात ठकूबाईनं सूप खाली ठेवलं.

“गप बसा गं. खरं बोलती ती. मला पहिल्यापास्नं ठावं हाय.”

“तुला वाचाया येतं व्हय, मावशी?”

“वाचाया कशाला पायजे? पाय मोडलेल्या म्हाताऱ्याला सरला पट्टी बांधत हुती, तवा काय म्हनली? ‘तीन येढं पुरं, चौथा येढा दोरा फुकाट.’ दवाखान्यातल्या बाईला आमचं बिडीच्या दोऱ्याचं येढं कुनी शिकवलं? हितंच बसून शिकली ती. हिच्याच तोंडात.” मग ती मास्तरणीकडे वळली, आणि तिचा आवाज बदलला. “मी तवाच म्हनलं, तूच मारली. राग काढला म्हनून न्हवं. तुझीच पोर हुती, तुझ्या हातात हुतं, मग मारलीस कशाला, एवढंच इचारते.”

मला दिलेलं उत्तर मास्तरणीनं तिला दिलं नाही. तिनं अंकाच्या कडेवरून बोट फिरवलं. “माझी न्हवती ती, मावशी,” ती म्हणाली. “मला सांभाळाया दिली हुती. ज्याची हुती त्यानं मागितली. द्यावी लागली.”

त्या वेळी शेडमध्ये पहिल्यांदा कुणीतरी रडलं. आधी ठकूबाईच, पदरानं नाक पुसत आणि तंबाखूला शिव्या देत. मग बाकीच्या. मी वहीत पाहत होतो. बऱ्याच वेळानं ठकूबाईनं आपल्या सुपातल्या बिड्या डोळ्यांजवळ नेऊन एकेक निवडल्या आणि माझ्या टेबलावर आणून टाकल्या. “बघ रं, छाट हाय का?” मी पाहिल्या. नव्हती. मोजल्या तर वीस नव्हत्या, चोवीस होत्या. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “तीन दिस बंद हुतं. तूट आसंल की. मोजाया तुलाच येतं व्हय?”

मग प्रत्येकीनं चार चार जास्त टाकल्या. शांतानंही टाकल्या, माझ्याकडे संशयानं बघतच. नऊशेचौऱ्याऐंशी. आठवड्याच्या तीन हजार एकवीस. मी वहीत आकडा लिहिला, या वेळी हात थांबला नाही.

पण पुढच्या शनिवारी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मास्तरणीनं प्रकरण सोळा मिनिटांत संपवलं. बायका ऐकत होत्या, अधूनमधून “हं” म्हणत होत्या, पण सुपं एकदाही थांबली नाहीत. वाचताना तिनं दोनदा बोट एका ओळीवर उभं केलं, डोळे वर केले, आणि दोन्ही वेळा ते माझ्यावर पडले. दोन्ही वेळा ती पुन्हा ओळीवर गेली. त्याच्या पुढच्या शनिवारीही तसंच. बिड्या पडत होत्या, पण वीसच्या जागी कुणी अठरा टाकत होती, कुणी सतरा. छाटही एखाद-दुसरी यायला लागली होती. त्यात बायकांचा काही डाव नव्हता. ऐकणं कमी झालं तसा हात आखडत होता. असंच चाललं असतं तर चार महिन्यांत तिची जागा गेली असती. मी आकडे मांडून पाहिले होते.

तिसऱ्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी माझं टेबल उचलून मागच्या पडवीत नेलं. तिथून शेडमधलं बोलणं कळत नाही, नुसता आवाज येतो. मुकादमानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, नोंदींना शांतता लागते. त्या दुपारी साधारण अर्ध्या तासानं आत एकदम हसणं फुटलं, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. संध्याकाळी मास्तरणीच्या सुपात आठशेवीस होत्या. छाट एकही नव्हती.

त्यानंतर दोन वर्षं दर शनिवारी दुपारी मी पडवीत बसलो. कादंबरी संपली, दुसरी सुरू झाली. तिच्यात कोण होतं आणि काय बोलत होतं, मला माहीत नाही. सोमवारी बायका माझ्यावर नवी नवी वाक्यं टाकायच्या. ती छापलेली आहेत की नाहीत, हे मी कधी पाहिलं नाही. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या कामात खोट शोधली, त्यानं एवढी एक जागा न तपासता सोडली. ते बरोबर की चूक याचा निवाडा माझ्याच्यानं होत नाही. घरी माझी मुलं शाळेतला धडा मोठ्यानं वाचताना मधेच आपल्या पदरचं काही घालतात. मी ऐकतो आणि दुरुस्त करत नाही. बायको म्हणते, तुम्ही असे नव्हता.

मुलीला नाशिकला नोकरी लागली तेव्हा मास्तरणीनं शेड सोडली. स्टँडवर शेडमधल्या निम्म्या बायका आल्या होत्या. ठकूबाईला आता दिसत नव्हतं, शांतानं तिला हाताला धरून आणलं होतं. मी थोडा मागे उभा होतो. गाडी लागल्यावर मास्तरीण सगळ्यांतून वाट काढत माझ्याकडे आली.

“भाऊ, एक इचारायचं ऱ्हाऊन गेलं. तुमी शनवारी मागं का बसायचा?”

“तिकडे वारा चांगला असतो,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी छाट काढताना बिडीकडे पाहायचो, तसंच काहीसं. “तिकडं तिन्ही अंगाला भिंतीच हायेत,” ती म्हणाली, आणि गाडीत चढली.